आकाशनिरीक्षणासाठी हवामानाचा अंदाज

एखाद्या नियोजित रात्री किंवा ग्रहणासारख्या ठराविक क्षणी अमुक ठिकाणचे आकाश वेध घेण्यास कितपत अनुकूल राहील, हे आगाऊ ठरविणे म्हणजे आकाशनिरीक्षणासाठी हवामानाचा अंदाज बांधणे होय. हवामानाचे सर्वसाधारण अंदाज शेतकरी, खलाशी, वैमानिक इत्यादींच्या गरजा लक्षात घेऊन तयार केले जातात. पाऊस, वारा, वादळ, तापमान यांविषयीची माहिती त्यांत मुख्यत्वे असते. आकाशनिरीक्षकाच्या गरजा काहीशा निराळ्या आहेत. पाऊस न पडणारी रात्र पूर्णपणे ढगाळ असू शकते, तसेच निरभ्र रात्रही दूरदर्शकाच्या (दुर्बिणीच्या) दृष्टीने निरुपयोगी ठरू शकते. त्यामुळे उपलब्ध माहितीवरून आपल्या कामापुरता अंदाज निरीक्षकाला बऱ्याच अंशी स्वतःच बांधावा लागला आहे. महाराष्ट्रात या प्रयत्नांना सु. दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

अनुकूलतेचे घटक : निरीक्षणास आकाश अनुकूल आहे की नाही, हे प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट मेघाच्छादन. खालच्या थरातील दाट ढग तारे पूर्णपणे झाकतात, तर ८–१२ किमी. उंचीवरील, पिंजलेल्या कापसासारखे दिसणारे हिमकणांचे ढग ठळक तारे दिसू देतात, परंतु अंधुक अभ्रिका व दीर्घिका झाकून टाकतात. दुसरी गोष्ट हवेची पारदर्शकता. धूळ, धूर व बाष्प यांमुळे ती कमी होते व शहरातील दिव्यांचा प्रकाश विखुरला जाऊन आकाशाची पार्श्वभूमी उजळते. तिसरी गोष्ट प्रतिमेची स्थिरता. निरनिराळ्या तापमानांचे हवेचे थर एकमेकांत मिसळत असले म्हणजे त्यांमधून येणारे प्रकाशकिरण सतत थोडेथोडे वळत राहतात. त्यामुळे तारे लुकलुकतात व ग्रहांची बिंबे पाण्याखालच्या नाण्यासारखी थरथरतात. ही स्थिरता मोजण्यासाठी फ्रान्समध्ये काम करणारे ज्योतिर्विद यूजीन आंतोनियादी (१८७०–१९४४) यांनी सुचविलेली पाच पायऱ्यांची श्रेणी हौशी निरीक्षकांत विशेष रूढ आहे.

हे तीन घटक नेहमी एकत्र नांदत नाहीत. पाऊस पडून गेल्यावर धूळ खाली बसते व हवा अतिशय पारदर्शक होते, पण त्याच वेळी वारा असल्यास प्रतिमा अस्थिर राहतात. उलट वारा पडलेल्या, किंचित धुरकट रात्री गुरूचे पट्टे व शनीची कडी उत्तम दिसतात, परंतु देवयानीतील दीर्घिका फिकट वाटते. म्हणून आकाश चांगले आहे का, या प्रश्नाचे उत्तर काय पाहावयाचे आहे, यावर अवलंबून असते. उंच पर्वतशिखरावरील शांत हवाच दूरदर्शकास मानवते, हे आयझॅक न्यूटन यांनी आपल्या ‘ऑप्टिक्स’ (१७०४) या ग्रंथात नमूद केले होते. व्यावसायिक वेधशाळांची स्थाने पुढे याच तत्त्वावर निवडली गेली. हौशी निरीक्षकाला मात्र आपल्या गावाच्या आसपासचेच आकाश घ्यावे लागते. अंधुक वस्तूंसाठी चंद्रप्रकाश नसलेली रात्र लागते व अशा अमावास्या वर्षातून बारा–तेराच येतात. महाराष्ट्रात त्यांपैकी चार–पाच पावसाळ्यात वाया जातात. उरलेल्या सात–आठ अमावास्यांजवळची एखादी सुटीची रात्र साधून शहराबाहेर साठ–सत्तर किमी. जावयाचे, तर अंदाज चुकण्याची किंमत मोठी असते.

पारंपरिक ज्ञान : भारतीय परंपरेत आकाश व हवामान यांचा संबंध फार जुना आहे, पण त्याची दिशा उलटी होती. ताऱ्यांवरून पावसाचा अदमास घेतला जाई. वराहमिहिर (सहावे शतक) यांच्या ‘बृहत्संहिते’त मेघांच्या गर्भधारणेची लक्षणे व त्यांवरून पर्जन्याचा काल ठरविण्याचे नियम दिले आहेत. त्याच ग्रंथात अगस्त्य ताऱ्याच्या उदयावर स्वतंत्र प्रकरण आहे. अगस्त्य उगवला म्हणजे गढूळ पाणी निवळते, हा समज पाऊस ओसरण्याच्या काळाशी जुळणारा आहे. महाराष्ट्रातील शेतकरी आजही सूर्याच्या नक्षत्रावरून मृगाचा पाऊस, आर्द्रेचा पाऊस, हस्ताचा पाऊस असे म्हणतो. मराठी पंचांगात पर्जन्यनक्षत्रांबरोबर त्यांची बेडूक, म्हैस, हत्ती इ. वाहने दिलेली असतात आणि सहदेव–भाडळी यांच्या नावावर चालत आलेल्या म्हणींत वारा, वीज व ढग यांविषयीचे ठोकताळे आहेत. विशिष्ट दिवसाचे भाकीत म्हणून या नियमांना शास्त्रीय आधार नाही. तथापि कोणत्या नक्षत्रात सर्वसाधारणपणे कसे हवामान असते, याचा दीर्घकालीन अनुभव त्यांत साठविलेला आहे. आधुनिक परिभाषेत ज्याला हवामानाची सरासरी म्हणतात, त्याचेच हे लोकरूप म्हणता येईल.

एकोणिसावे शतक : ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली मुंबईत कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली. पुढे तेथे चुंबकीय व वातावरणीय नोंदी नियमितपणे होऊ लागल्या. या वेधशाळेत काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–८४) यांना ज्योतिष व हवामान या दोन्ही विषयांत रस होता. सूर्यावरील डाग व पृथ्वीवरील हवामान यांच्या संबंधाचा त्यांनी अभ्यास केला. मराठीत वेधशाळा हा शब्द ग्रहताऱ्यांचे वेध घेणारी संस्था व पावसाचा अंदाज देणारी कचेरी या दोन्ही अर्थांनी रूढ झाला, तो या संयुक्त वारशाला साजेसाच आहे.

ग्रहणांच्या निमित्ताने हवामानाचे महत्त्व प्रथम ठळकपणे पुढे आले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणाच्या दक्षिण भागातून देशावर येऊन पूर्व किनाऱ्यावरील मच्छलीपट्टणकडे गेला. ग्रहण ऐन पावसाळ्यात होते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतील बरेचसे बाष्प सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पडून जाते व पूर्वेकडे ढग विरळ होत जातात. पूर्वेकडील गुंटूर येथे फ्रेंच ज्योतिर्विद प्येअर झांसेन यांना यशस्वी वेध घेता आले, तर जमखंडी येथे लेफ्टनंट जॉन हर्शेल यांच्या निरीक्षणात ढगांनी व्यत्यय आणला व ढगांतील फटीतून मिळालेल्या अल्प अवधीत त्यांना काम उरकावे लागले. इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉक्यर यांनी याच ग्रहणाच्या वेळी विजयदुर्ग येथून हीलियमाचा शोध लावला, असे अनेक ठिकाणी लिहिले जाते, पण ते बरोबर नाही. लॉक्यर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गास आले १८९८ च्या ग्रहणासाठी.

२२ जानेवारी १८९८ चे हे दुसरे ग्रहण हिवाळ्यात झाले व परिस्थिती पूर्णपणे पालटली. विजयदुर्ग, जेऊर (जि. सोलापूर), पुलगाव (जि. वर्धा), वऱ्हाडातील तळणी इ. ठिकाणी अनेक देशांची पथके उतरली होती. जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या पथकाबरोबरच पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांचे पथक होते. तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या प्रामुख्याने हौशी निरीक्षकांच्या संस्थेचे सदस्य होते व ॲनी माँडर यांनी तेथे सूर्याच्या प्रभामंडलाचा एक लांब प्रवाह छायाचित्रात टिपला. या सर्व ठिकाणी आकाश निरभ्र राहिले. एकाच प्रदेशातील या दोन ग्रहणांच्या तुलनेतून ऋतूनुसार स्थान निवडण्याचे महत्त्व स्पष्ट होते. नायगमवाला यांनी १८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तेथील २० इंच (सु. ५१ सेंमी.) व्यासाचा परावर्तक दूरदर्शक त्या काळी भारतातील सर्वांत मोठा होता. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकानलला गेली.

याच सुमारास हवामानाच्या अंदाजाला संघटित रूप आले. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले व तारायंत्राने गोळा केलेल्या माहितीवरून १८७८ पासून दैनिक हवामानवृत्त प्रसिद्ध होऊ लागले. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास हलविण्यात आले. शिवाजीनगर येथील त्याची इमारत ‘सिमला ऑफिस’ याच नावाने ओळखली जाऊ लागली. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीस गेले, तरी खात्याची महत्त्वाची कार्यालये पुण्यातच राहिली. १९६२ मध्ये उष्णप्रदेशीय हवामानाच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्थाही पुण्यात स्थापन झाली.

हौशी संस्थांचा काळ : पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांच्या भारतातील संस्थांत ती सर्वांत जुनी मानली जाते. मुंबईत १९७७ मध्ये नेहरू तारांगण सुरू झाले आणि १९८५–८६ मधील हॅलीच्या धूमकेतूच्या आगमनाच्या सुमारास महाराष्ट्रातील अनेक शहरांत आकाशनिरीक्षणाची मंडळे निघाली. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणी (जि. ठाणे) येथे रात्रभराचे निरीक्षण कार्यक्रम करण्याची प्रथा पाडली. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण महाराष्ट्राच्या दक्षिणेकडील पट्ट्यातून दिसले व कोरड्या ऋतूमुळे निरीक्षकांची निराशा झाली नाही.

या काळातील निरीक्षकाची साधने मर्यादित होती. वृत्तपत्रातील हवामानाचा नकाशा, आकाशवाणीवरील वार्तापत्र आणि संध्याकाळच्या आकाशाचे स्वतः केलेले निरीक्षण यांवर तो अवलंबून असे. १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने सोडलेल्या टायरॉस–१ या उपग्रहापासून मेघांची छायाचित्रे अवकाशातून मिळू लागली होती. भारताच्या इन्सॅट–१बी (१९८३) या उपग्रहानंतर देशावरील ढगांच्या प्रतिमा नियमितपणे मिळू लागल्या. अरबी समुद्रावरून सरकणारा ढगांचा पट्टा आपल्या गावावर केव्हा येईल, याचा अदमास त्यांवरून घेता येऊ लागला. रात्री घेतलेल्या अवरक्त प्रतिमांची एक मर्यादा मात्र आहे. त्यांत ढग ओळखला जातो, तो त्याच्या माथ्याच्या कमी तापमानावरून. जमिनीलगतचे धुके व खालचे स्तरमेघ यांचे तापमान जमिनीइतकेच असल्याने ते अशा प्रतिमेत दिसत नाहीत. इन्सॅट–३डी (२०१३) व त्यानंतरच्या उपग्रहांवर दोन भिन्न तरंगलांबींच्या अवरक्त प्रतिमांमधील फरकावरून धुके ओळखण्याची सोय झाली आहे.

गणिती पद्धती : वातावरणाच्या गतीची समीकरणे सोडवून हवामान आगाऊ काढता येईल, ही कल्पना इंग्रज शास्त्रज्ञ ल्यूइस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ साली मांडली. १९५० मध्ये संगणकाच्या साहाय्याने असा पहिला अंदाज काढण्यात आला. भारतात मध्यम पल्ल्याच्या गणिती अंदाजासाठी १९८८ मध्ये स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. या पद्धतीत पृथ्वीभोवतालच्या वातावरणाची कल्पनेने चौकटींत विभागणी करून प्रत्येक चौकटीतील दाब, तापमान, बाष्प व वारा यांचे पुढील तासांतील मूल्य काढतात. खालच्या, मधल्या व वरच्या थरांतील मेघाच्छादन निरनिराळे मिळते, ही बाब निरीक्षकाच्या दृष्टीने फार उपयुक्त आहे. सु. १२ किमी. उंचीवरील वाऱ्याच्या वेगावरून प्रतिमेच्या स्थिरतेचा आणि हवेचे तापमान व दवबिंदू यांतील फरकावरून भिंगावर दव पडण्याच्या शक्यतेचा अंदाज करता येतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडातील हवामानशास्त्रज्ञ ॲलन राहिल यांनी आकाशनिरीक्षकांसाठी मेघाच्छादन, पारदर्शकता व स्थिरता यांचे खास अंदाज तयार केले व अटिला डँको या हौशी निरीक्षकाने ते गावोगावच्या रंगीत तक्त्यांच्या स्वरूपात मांडले. उत्तर अमेरिकेपुरत्या मर्यादित असलेल्या या उपक्रमानंतर जगभरातील कोणत्याही स्थानासाठी असे अंदाज देणाऱ्या सेवा निघाल्या व महाराष्ट्रातील निरीक्षकही त्यांचा उपयोग करू लागले.

महाराष्ट्रातील ऋतुमान : मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात राज्याच्या बहुतेक भागांत पोहोचतो व ऑक्टोबरमध्ये परततो. त्यामुळे ऑगस्टमधील ययाती तारकासमूहातून होणारा उल्कावर्षाव येथे क्वचितच दिसतो, तर डिसेंबरच्या मध्यास होणारा मिथुन राशीतील उल्कावर्षाव सर्वांत खात्रीचा ठरतो. धनू राशीतील आकाशगंगेचा समृद्ध भाग जुलै–ऑगस्टमध्ये रात्री सर्वांत उंच येतो, पण येथील निरीक्षकाला तो मार्च ते मे महिन्यांत पहाटे उठूनच पाहावा लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बंगालच्या उपसागरातील वादळांमुळे चार–चार दिवस ढग राहतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचे उंच पातळ ढग महाराष्ट्रापर्यंत पसरतात. एप्रिल–मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग जमतात. ते रात्री विरले, तर पुढील काही तास हवा अत्यंत पारदर्शक असते.

स्थानिक परिस्थिती – आंबवडे परिसर : एकाच अंदाजाचा अर्थ जवळजवळच्या दोन ठिकाणी कसा बदलतो, हे पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांवरून चांगले समजते. शहराच्या प्रकाशापासून दूर जाऊ इच्छिणाऱ्या पुण्यातील निरीक्षकास हा डोंगराळ प्रदेश जवळचा पडतो. पश्चिमेस सह्याद्रीचा माथा व पूर्वेस भोरकडील तुलनेने मोकळा प्रदेश, अशी येथील रचना असून पावसाचे प्रमाण पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होते. भोरहून रायरेश्वराच्या पायथ्याकडे जाणाऱ्या मार्गावरील आंबवडे हे गाव डोंगरांच्या कुशीत, सु. १८° उत्तर अक्षांशावर आहे. ऑक्टोबरमध्ये पाऊस परतल्यावरही समुद्राकडून येणारी दमट हवा घाटमाथ्यावर चढताना थंड होऊन तेथे ढग धरते, तर काही किमी. पूर्वेस तीच हवा उतारावरून खाली येताना तापते व ढग विरतात.

हिवाळ्यात निराळाच प्रकार घडतो. शांत, निरभ्र रात्री जमीन प्रारणाने (उष्णता बाहेर टाकून) वेगाने थंड होते. तिच्या लगतची थंड व जड झालेली हवा उतारांवरून ओघळून दरीच्या तळाशी साचते व वर उबदार हवेचे झाकण राहते. नदी, ओढे व भाटघरसारखे जलाशय यांच्या आसपास ओलावा असल्याने पहाटेपूर्वी अशा तळाशी धुके धरते. त्याच वेळी रायरेश्वराच्या पठारावर तारे स्वच्छ दिसत असतात, पण तेथे वारा अधिक असतो. डिसेंबरात मध्यरात्रीनंतर उल्का पाहू इच्छिणाऱ्याने दरीच्या तळाऐवजी उतारावरील एखादा सपाट खांदा निवडणे म्हणूनच हिताचे ठरते. मार्च–एप्रिलमध्ये हवेत धूळ व वणव्यांचा धूर वाढतो. तेव्हा उत्तरेकडील पुणे शहराचा प्रकाश अधिक विखुरला जातो व त्या दिशेचे आकाश उजळते. दक्षिणेकडे अगस्त्य तारा येथून जास्तीत जास्त सु. १९° उंचीवर येतो. इतक्या कमी उंचीवर त्याचा प्रकाश जाड हवेतून येत असल्याने थोडासा धुरकटपणाही जाणवतो.

गणिती प्रतिमानातील चौकट काही किमी. रुंदीची असते. भारतात दीर्घकाळ वापरलेल्या प्रतिमानांत ती सु. १२ किमी. होती व २०२५ मध्ये वापरात आलेल्या नव्या भारतीय प्रतिमानात ती सु. ६ किमी. आहे. आंबवड्याची दरी व रायरेश्वराचे पठार अशा एका चौकटीत एकत्र येऊ शकतात. प्रतिमान त्या दोहोंची सरासरी काढते, परंतु निरीक्षक सरासरीत उभा नसतो. तो दरीत किंवा पठारावर असतो.

मर्यादा : ऋतुमानाची सरासरी आणि विशिष्ट दिवसाचे हवामान यांतील फरक ग्रहणांनी वारंवार दाखविला आहे. २४ ऑक्टोबर १९९५ चे खग्रास ग्रहण पावसाळा संपल्यावर आले व उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी उत्तम दिसले. ११ ऑगस्ट १९९९ च्या ग्रहणाने बहुसंख्य भारतीय निरीक्षकांची निराशा केली. २२ जुलै २००९ रोजी बिहारमधील तारेगना येथे फार मोठा समुदाय जमला होता, पण आकाश ढगाळ राहिले. त्याच पट्ट्यातील वाराणसी येथे मात्र खग्रास स्थिती दिसली. सरासरी एखाद्या स्थानाची शक्यता सांगते, खात्री देत नाही. ग्रहणाच्या आदल्या दिवशी उपग्रहचित्रे पाहून स्थान बदलण्याची तयारी ठेवणे, हाच त्यावर व्यवहार्य उपाय होय. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लोरेंझ यांनी १९६३ साली दाखविल्याप्रमाणे प्रारंभीच्या स्थितीतील अत्यल्प फरकही पुढे मोठा होत जातो. त्यामुळे दहा दिवसांनंतरच्या विशिष्ट रात्रीच्या ढगांविषयी भरवशाने काही सांगता येत नाही. दोन–तीन दिवसांच्या अंदाजावरून बेत ठरविता येतो व अंतिम निर्णय त्या दिवशी दुपारच्या प्रतिमा पाहूनच घ्यावा लागतो.

नोंदींचे महत्त्व : उपग्रह व संगणक यांच्या काळातही स्थानिक नोंदींची जागा रिकामीच आहे. निरीक्षणाच्या प्रत्येक रात्री आदल्या दिवशी मिळालेला अंदाज, प्रत्यक्ष मेघाच्छादन, दिसलेला सर्वांत अंधुक तारा, आंतोनियादी श्रेणीतील स्थिरता, वाऱ्याची दिशा, तापमान व दव पडण्याची वेळ एवढ्या गोष्टी लिहून ठेवल्या, तर काही वर्षांत त्या स्थानाचा स्वभाव समजू लागतो. ज्या रात्री अंदाज चुकला, त्या रात्रीची नोंद विशेष मोलाची असते. प्रतिमान कोणत्या ऋतूत व कोणत्या वाऱ्यात फसते, हे तिच्यावरूनच कळते. निरीक्षण न झालेल्या रात्रीही म्हणूनच लिहून ठेवाव्या लागतात, कारण केवळ यशस्वी रात्रींची नोंदवही आकाशाचे खोटे चित्र उभे करते. अमुक दरीत पहाटे किती वाजता धुके धरते, हे सांगणारे दुसरे साधन सध्या तरी उपलब्ध नाही. मृग व हस्ताच्या पावसाचे ज्ञान शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी असेच साठविले होते. त्यांच्याजवळ मोजमापे व तारखा नव्हत्या. आजच्या निरीक्षकाजवळ त्या आहेत.